समुद्राकडे पाहणारे घाटमाथ्यावरचे गाव

कोल्हापूरच्या पश्चिमेस सुमारे ५५ किलोमीटरांवर, सह्याद्रीचा कडा जेथे एकदम तळकोकणात कोसळतो, तेथे गगनबावडा वसलेला असून, त्याच्या माथ्यावरील गगनगडावरून निरभ्र हवेत अरबी समुद्राची रेघ दिसते असे सांगितले जाते. समुद्र तेथून पन्नासेक किलोमीटर दूर असला, तरी या गावाचा इतिहास बंदरांपासून वेगळा काढता येत नाही. गडाचे बांधकाम परंपरेने कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातील दुसऱ्या भोजाचे मानले जाते. त्याच कुळाच्या दक्षिण कोकणातील शाखेचा इ.स. १००८ चा ताम्रपट घाटाखालच्या खारेपाटणात मिळाला असून, परदेशांतून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक गद्याण, म्हणजे एक सोन्याचे नाणे, देवस्थानास लावून दिल्याची नोंद त्यात आहे.

वाघोटन खाडीतून खारेपाटणास उतरलेला माल करूळ, भुईबावडा यांसारख्या घाटांनी वर चढे. मीठ, सुके मासे आणि नारळ देशावर जात, गूळ, तंबाखू व धान्य कोकणात उतरे, आणि हे सारे बैलांच्या पाठीवर होत असल्याने घाटमाथ्यावर मुक्काम आणि जकात, म्हणजे वाहतुकीच्या मालावरील कर, ही दोन्ही ओघाने आलीच. गगनबावड्याचे महत्त्व गडाइतकेच या वाटांमुळे होते, असे म्हणावेसे वाटते.

गगनबावड्याची जहागीर पुढे मराठेशाहीतील मंत्री रामचंद्रपंत अमात्य यांच्या घराण्याकडे राहिली. त्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या १७१५ च्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरील ग्रंथात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले असून, टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, वखारीसाठी समुद्रकाठची जागा देऊ नये, तसेच जहाजांच्या लाकडासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडे मालकाच्या संमतीवाचून तोडू नयेत, असे बजावले आहे. दर्यावरील राज्यकारभाराचा इतका बारकाईने विचार करणाऱ्या ग्रंथाशी जोडलेले घराणे कड्यावरच्या जहागिरीचे धनी असावे, हे केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखे नाही. घाटवाट ज्याच्या हाती, त्याला बंदराची नाडीही कळत असे.

एकोणिसाव्या शतकात हे समीकरण मोडत गेले. १८४४ च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे गड राखणाऱ्या शिबंदीच्या, उठावानंतर कोल्हापूर संस्थानातील अनेक गडांची तटबंदी इंग्रजांनी पाडली, तर खाडी गाळाने भरत गेल्याने खारेपाटणचे बंदरपण ओसरले. घाट आणि किनारा जोडण्याचा विचार पुढे रेल्वेच्या रूपाने आला: १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे घाटाच्या पायथ्याशी वैभववाडीवरून गेली, आणि २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात कोल्हापूर ते वैभववाडी मार्ग घोषित झाला.