पाणी नारळाला कळतं का?

कळंबच्या चिंतामणीचं नाव यवतमाळ जिल्ह्यात कुणाला माहीत नाही? देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. तिथल्या कुंडाचं पाणी काही वर्षांनी चढतं आणि मूर्तीच्या पायांना लागतं. लोक बारा वर्षांचा हिशोब सांगतात. श्रद्धेच्या वाटेला मी जात नाही. खोल कुंड म्हणजे एका अर्थी विहीरच. भूजल वर आलं की तिचंही पाणी वर येतं. भाविक हात जोडतो, अभ्यासक त्या वर्षीचा पाऊस विचारतो. यात कुणाचं नुकसान होत नाही.

नुकसान होतं ते शेतात. पाणाड्या येतो, तळहातावर नारळ आडवा ठेवून किंवा कडुलिंबाची दुबेळकी काटकी धरून चालतो. नारळ उभा राहिला की म्हणतो, इथं घ्या बोअर. कुणी पायाळू माणसाला बोलावतो. यात हिंदू-मुसलमान असा फरक नाही. आपल्याकडेही मुहूर्त विचारणारे, ताईत बांधून बोअर घेणारे आहेत.

पाणाड्या लबाडच असतो असं नाही. 1852 साली कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की मनातल्या अपेक्षेने स्नायू नकळत हलतात. काटकी खरंच वळते, पण ती वळवणारा हात त्याचाच. ब्रिटिश सरकारने 1920 च्या दशकात मेजर पॉगसन यांना हिंदुस्थानात चक्क सरकारी पाणाड्या नेमलं होतं. म्हणजे ही फक्त अडाण्यांची समजूत नव्हे. पण 1990 साली जर्मनीतल्या कासेल इथं 30 पाणाड्यांची चाचणी झाली. अर्धा मीटर खोल पुरलेल्या नळातून पाणी वाहतंय की नाही, एवढंच सांगायचं होतं. निकाल नाणं उडवून लागला असता तसाच लागला.

मग त्यांचं पाणी लागतं कसं? विदर्भाच्या या भागात बहुतांश बेसाल्ट खडक आहे. वरच्या झिजलेल्या मुरमात पाणी बऱ्याच ठिकाणी मिळतं, त्यामुळे उथळ विहिरीत कुणाचाही अंदाज जमून जातो. खाली अखंड काळा पाषाण असला की पाणी फक्त भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या सांध्यात. तिथं नारळाचा उपयोग नाही. लागलेली विहीर गावभर सांगितली जाते, कोरडी गेलेली बोअर कर्जाच्या वहीत राहते.

आपला वारसा याहून वेगळा आहे. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला गणिती अल-करजी यांनी जमिनीत लपलेलं पाणी काढण्यावर ग्रंथ लिहिला. त्यात डोंगर, खडक, वनस्पती यांची लक्षणं आहेत आणि उतार मोजायची साधनंही. वराहमिहिरांनी त्याआधी झाडं आणि वारुळं पाहून पाण्याचे आडाखे बांधले होते. सगळे खरे ठरत नाहीत, पण नजर जमिनीवर होती. 1615 च्या सुमारास तबकतुल अर्ज यांनी सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी कुंड्यांच्या मालिकेतून बुऱ्हाणपूर शहरात आणलं. मलिक अंबरची नहर औरंगाबादेत आजही दाखवतात. यातल्या कुणी नारळ फिरवला नाही. उतार मोजले, खणलं, बांधलं. बीबी हाजरांनाही झमझम मिळण्याआधी सफा-मरवाच्या सात फेऱ्या धावाव्या लागल्या होत्या.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 च्या दुष्काळी काळापासून आहे. तिचे भूवैज्ञानिकही चुकतात, पण ते आधी आजूबाजूच्या विहिरी पाहतात, खडकाचा विद्युतरोध मोजतात आणि पाणी नसेल तर नाही म्हणतात. पाणाड्या नाही म्हणताना मी ऐकलेला नाही.

म्हणून बोअरला पैसे मोजण्याआधी पाणाड्याला एकच विचारा: तुम्ही दाखवलेल्या किती जागा कोरड्या गेल्या? त्याचा हिशोब त्याच्याकडे नसेल, तर तो तुमच्याच खिशातून होणार आहे.