बूट हँग, अधूनमधून होणारा

संगणक चालू केल्यावर ऑपरेटिंग सिस्टीमचे कर्नल मेमरीत येते, पण लॉगिनपर्यंत पोहोचण्याआधीच कुठेतरी अडून बसते. हे दर वेळी न घडता पन्नासात, शंभरात किंवा हजारात एखाद्या वेळीच घडते, तेव्हा त्या दोषाला अधूनमधून होणारा बूट हँग म्हणतात. पडदा काळा राहतो किंवा एखाद्या ओळीवर थिजतो, कीबोर्ड दाद देत नाही. बटण दाबून पुन्हा चालू केले की तेच मशीन मुकाट्याने सुरू होते आणि तक्रार करणाऱ्याकडे दाखवायला काहीच उरत नाही.

कारणे : बूटच्या पहिल्या काही सेकंदांत कर्नलमध्ये मोठी धांदल असते. प्रोसेसरचे बाकीचे कोअर जागे होतात, ड्रायव्हर आपापली उपकरणे शोधतात, इंटरप्ट, म्हणजे उपकरणांचे प्रोसेसरला जाणारे संकेत, सुरू होतात. यांतल्या घटनांचा क्रम दर वेळी थोडा वेगळा पडतो. एका वेळी एकालाच धरता येणारे दोन लॉक दोन कोअरनी उलट क्रमाने धरले, ड्रायव्हर तयार होण्याआधीच इंटरप्ट आला किंवा कधीच न येणाऱ्या संकेताची वाट पाहिली गेली, तर बूट तिथेच थांबते. अशा वेळी दोष कोडमध्ये कायमच असतो. तो उघड होण्याचा योग क्वचित येतो.

लिनक्स 5.3 चे प्रकरण : सप्टेंबर 2019 मध्ये ही आवृत्ती प्रसिद्धीच्या उंबरठ्यावर असताना अहमद दरवीश या विकासकाच्या लॅपटॉपवर लॉगिनच्या आधीच बूट अडू लागले. शोध घेत ते पोहोचले एक्स्ट4 फाइल सिस्टीममधल्या एका सुधारणेपाशी. तिच्यात खोट नव्हती. डिस्कवरच्या वाचनाच्या मागण्या एकत्र करून तिने काम हलके केले होते. पण त्यामुळे डिस्कचे इंटरप्ट घटले आणि यादृच्छिक संख्यांसाठी कर्नल जी अनिश्चितता गोळा करते, ती पुरेशी जमेना. बूटच्या सुरुवातीलाच अशी संख्या मागणारा प्रोग्रॅम ‘गेटरँडम’ या कॉलवर ताटकळला. तो थांबला म्हणून यंत्रणेत दुसरे काही हलेना आणि काही हलत नाही म्हणून अनिश्चितता वाढेना. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी 15 सप्टेंबरला 5.3 प्रसिद्ध करताना ती निर्दोष सुधारणाच मागे घेतली. 5.4 मध्ये कर्नल टायमरच्या सूक्ष्म चढउतारांतून स्वतःच अनिश्चितता निर्माण करू लागले, त्यानंतर ती सुधारणा परत आली.

अडले कुठे? : पहिला साक्षीदार म्हणजे कर्नलचा लॉग. पडद्यावरच्या संदेशांवर भिस्त न ठेवता ते सिरियल पोर्टवरून दुसऱ्या मशीनवर घेतात. ‘क्वाएट’ हा बूटचा पर्याय काढून ‘इनिटकॉल_डीबग’ दिला की प्रत्येक आरंभिक फंक्शन कधी सुरू झाले, कधी संपले याची नोंद होते. सुरू झाल्याची नोंद असून संपल्याची नसेल, तर संशय तिथेच. मात्र 115200 बॉडच्या सिरियल पोर्टवरून 80 अक्षरांची एक ओळ जायला सुमारे 7 मिलिसेकंद लागतात. कर्नलच्या हिशेबात हा काळ फार मोठा. तेवढ्या विलंबाने घटनांचा क्रम बदलतो आणि कित्येकदा लॉग वाढवताच हँग गायब होतो. लॉकचे उलटसुलट क्रम पकडण्यासाठी ‘लॉकडेप’ हा तपासनीस 2006 मध्ये लिनक्स 2.6.18 मध्ये आला. प्रत्यक्ष हँग न होताही तो संभाव्य डेडलॉकची, म्हणजे एकमेकांच्या लॉकसाठी कायमचे अडून बसण्याची, सूचना देतो.

पुण्याचा वाटा : थांबलेल्या कर्नलच्या आत डोकावायचे तर डीबगर लागतो. लिनक्ससाठीचा ‘केजीडीबी’ घडवण्यात पुण्याचा मोठा हात आहे. अमित काळे यांनी त्यावर अनेक वर्षे काम केले. त्याच्या मुख्य फाइलच्या शिरोभागी आजही व्हेरिटास कंपनी (2000–2001), अमित काळे (2003–2004) आणि पुण्याची लिनसिससॉफ्ट कंपनी (2004–2006) यांचे कॉपीराइट दिसतात. टोरवाल्ड्स यांचा कर्नल डीबगरला उघड विरोध असल्याने हे काम दीर्घकाळ मुख्य कर्नलबाहेर, पॅचच्या रूपाने चालले. पुढे विंड रिव्हर कंपनीतील जेसन वेसल यांनी ते नेटाने पुढे नेले आणि जुलै 2008 मध्ये 2.6.26 या आवृत्तीत केजीडीबी अधिकृतपणे सामील झाला. वापरण्याची मूळ रीत सोपी : दोन मशीन सिरियल केबलने जोडायची, एकावर तपासायचे कर्नल, दुसऱ्यावर जीडीबी हा डीबगर. ‘केजीडीबीवेट’ दिल्यास कर्नल बूटमध्येच थांबून डीबगरची वाट पाहते.

कोणत्या बदलामुळे? : जुनी आवृत्ती चांगली, नवी बिघडलेली एवढे ठाऊक असले की ‘गिट बायसेक्ट’ मधले बदल निम्मे-निम्मे करत जाते. 14,000 बदलांतून एकापर्यंत यायला साधारण 14 फेऱ्या पुरतात. अनियमित हँगमध्ये खरी अडचण ‘चांगले’ असा शेरा देण्याची. समजा, हँग हजारात एकदा होतो. सलग 1,000 बूट सुरळीत झाले, तरी दोष शिल्लक असूनही असे घडण्याची शक्यता 37 टक्के राहते. 3,000 बूटनंतर ती 5 टक्क्यांवर येते, 5,000 नंतर एका टक्क्याच्या आत. पाच टक्के म्हणजे थोडे वाटतात. पण 14 पैकी सात फेऱ्यांत दोष हजर असेल, तर त्यांपैकी निदान एकदा तरी चुकीचा शेरा पडण्याची शक्यता 30 टक्क्यांवर जाते. एक शेरा चुकला की पुढचा सगळा शोध भलत्याच दिशेला. म्हणून हे काम क्यूईएमयूसारख्या आभासी मशीनवर स्क्रिप्टच्या हवाली करतात. दोन सेकंदांत होणारे बूट 5,000 वेळा करायला तीन तासही लागत नाहीत. अडलेले बूट ओळखण्यासाठी कालमर्यादा घालतात आणि ती ओलांडली की ‘बिघडले’ अशी नोंद होते.

वापरकर्त्याची नोंद : प्रत्यक्ष यंत्रावर एक पथ्य जास्तीचे. वीज पूर्ण बंद करून केलेले बूट आणि नुसते रीस्टार्ट यांची मोजदाद वेगळी ठेवावी, कारण रीस्टार्टमध्ये काही उपकरणे आधीच्या स्थितीतच राहतात आणि दोष झाकला जातो. भंडारा, तुमसर किंवा साकोलीच्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमधूनही असा दोष विकासकांपर्यंत पोहोचवता येतो. त्यासाठी कर्नलची आवृत्ती, मशीनचे मॉडेल, थिजलेल्या पडद्याचा फोटो आणि किती बूटपैकी किती वेळा अडले हा आकडा द्यावा. ‘कधीकधी अडते’ एवढेच कळवले, तर दुरुस्ती लागू पडली की नाही हे ठरवता येत नाही.