शनिवारवाडा : इतिहास व आख्यायिका

शनिवारवाडा : पुणे येथील पेशव्यांचे तटबंदीयुक्त निवासस्थान व अठराव्या शतकातील मराठी राज्याच्या कारभाराचे केंद्र. मुठा नदीच्या उजव्या तीरावर, कसबा पेठेलगत हा वाडा वसला असून आज त्याचा तट, बुरूज, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद एवढेच अवशेष उरले आहेत. नारायणराव पेशव्याचा येथे झालेला खून व त्यानंतर वाड्यात त्याच्या आत्म्याचा वावर असल्याची लोकसमजूत, यांमुळे महाराष्ट्रातील झपाटलेल्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या वास्तूंत त्याची गणना प्रथम होते. वाड्याचा लेखी इतिहास आणि त्याची तोंडी परंपरा या दोन्ही गोष्टी परस्परांत इतक्या मिसळल्या आहेत की, त्या वेगळ्या करून पाहिल्याखेरीज दोहोंचेही मर्म ध्यानात येत नाही.

स्थापना व वास्तू : पहिल्या बाजीरावाने (कार. १७२०–४०) पुणे हे आपले ठाणे करण्याचे ठरविल्यानंतर १० जानेवारी १७३० रोजी वाड्याची पायाभरणी झाली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. हे दोन्ही दिवस शनिवार असल्याने वाड्यास हे नाव मिळाले. प्रारंभीच्या बांधकामास १६,११० रुपये खर्च आला. जागेच्या निवडीविषयी अशी आख्यायिका सांगतात की, बाजीरावाने येथे एका सशाला कुत्र्याचा पाठलाग करताना पाहिले आणि भूमीचा हा पराक्रम ओळखून तेथेच वाडा बांधण्याचे योजिले. हीच कथा विजयानगर व अहमदाबाद या नगरांच्या स्थापनेविषयीही सांगितली जाते. तेव्हा ती एका वाड्याची स्मृती नसून नव्या राजधानीचे महत्त्व सांगण्याचा भारतीय लोकपरंपरेतील एक रूढ प्रकार आहे, असे मानणे युक्त ठरते.

तटाचा खालचा भाग दगडी व वरचा विटांचा आहे. दगडी तटबंदीचा किल्ला बांधण्याचा अधिकार छत्रपतींचा असल्याने शाहूने हरकत घेतली आणि म्हणून वरचे काम विटांत झाले, असे परंपरा सांगते. तटास नऊ बुरूज व पाच दरवाजे आहेत. उत्तरेकडील दिल्ली दरवाजा हा मुख्य होय. हत्तीने धडक देऊ नये म्हणून त्याच्या दारांवर अणकुचीदार लोखंडी खिळे बसविलेले आहेत. मस्तानी किंवा अलीबहाद्दर दरवाजा, खिडकी दरवाजा, गणेश दरवाजा आणि जांभूळ किंवा नारायण दरवाजा हे उरलेले चार दरवाजे होत. नानासाहेब पेशव्याच्या काळात (१७४०–६१) वाड्याचा मोठा विस्तार झाला. गणेश रंगमहाल, आरसे महाल, हस्तिदंती महाल, नाचाचा दिवाणखाना इ. दालने व सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे यांसाठी तो विख्यात होता. मुख्य इमारत सातमजली असून तिच्या सर्वांत वरच्या मजल्यावरून आळंदीच्या देवळाचे शिखर दिसे, असे सांगतात. जोती दगडी असली, तरी वरचे मजले सागवानी लाकडाचे होते. ही गोष्ट पुढे वाड्याच्या नाशास कारण झाली.

नारायणरावाचा खून : थोरला माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे मरण पावल्यावर त्याचा धाकटा भाऊ नारायणराव (१७५५–७३) पेशवा झाला. त्याचा चुलता रघुनाथराव (राघोबादादा) हा शूर, पण महत्त्वाकांक्षी व चंचल पुरुष होता. पेशवेपदावर त्याची दृष्टी असल्याने त्याला वाड्यातच नजरकैदेत ठेवण्यात आले होते. एकाच छताखाली राज्यकर्ता पुतण्या आणि बंदिवान चुलता, ही व्यवस्थाच स्फोटक होती. वाड्याचा पहारा ज्या गारद्यांकडे होता, ते भाडोत्री शिपाई पगाराच्या थकबाकीमुळे असंतुष्ट होते. सुमेरसिंग, खरगसिंग व महंमद इसफ हे गारद्यांचे प्रमुख आणि रघुनाथरावाच्या विश्वासातील तुळाजी पवार यांच्यात कट शिजला.

भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, शके १६९५ (३० ऑगस्ट १७७३) हा गणेशोत्सवातील दिवस होता. गडबडीची कुणकुण लागून नारायणरावाने सकाळीच हरिपंत फडके यास बंदोबस्ताविषयी सांगितले होते. परंतु हरिपंत जेवणासाठी निघून गेला आणि बंदोबस्त झाला नाही. दुपारी पगाराचे निमित्त करून गारदी वाड्यात शिरले. नारायणराव धावत रघुनाथरावाच्या दालनात गेला व त्याला मिठी मारून जीव वाचविण्याची विनवणी करू लागला. चुलत्याने त्यास सोडविले नाही, किंवा त्याला ते साधले नाही. चाफाजी टिळेकर या सेवकाने धन्याच्या अंगावर स्वतःचा देह टाकला. मारेकऱ्यांनी दोघांसही ठार केले. नारायणरावाचे वय त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे होते. त्याचे शव ज्या दरवाजाने बाहेर नेले, त्यास नारायण दरवाजा हे नाव मिळाले, अशी परंपरा आहे.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याने या खुनाची चौकशी केली आणि रघुनाथरावाकडे दोष येतो असा निर्णय दिला. या पातकास देहान्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही, असे त्यास तोंडावर सांगून शास्त्री पुणे सोडून गेला. सत्ताधीशाविरुद्ध न्याय उच्चारला गेला, परंतु तो अंमलात आला नाही. पेशवेपदाची वस्त्रे रघुनाथरावासच मिळाली.

‘ध’ चा ‘मा’ : खुनाविषयीच्या कथांपैकी सर्वाधिक प्रसृत कथा आनंदीबाईची होय. रघुनाथरावाने गारद्यांना दिलेल्या मोडी लिपीतील पत्रात नारायणरावास ‘धरावे’ असे लिहिले होते. त्याची पत्नी आनंदीबाई हिने ‘ध’ खोडून ‘मा’ केला व ‘मारावे’ असा हुकूम गेला, असे ही कथा सांगते. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार मराठीत यावरूनच रूढ झाला. जेम्स ग्रँट डफ याने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात (१८२६) हा वृत्तांत दिला आहे. पत्रातील शब्द बदलल्याचे रामशास्त्र्याच्या चौकशीत दिसून आले आणि हा बदल आनंदीबाईने केला असा सार्वत्रिक समज होता, असे तो म्हणतो. यातील दुसरे विधान समजाचे आहे, पुराव्याचे नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे. मूळ पत्र उपलब्ध नाही. जो कट अनेक दिवस चालू होता, ज्यात अनेक माणसे गुंतली होती आणि ज्यात मोठ्या रकमांची बोलणी झाली, त्याचा निर्णय एका अक्षरावर झाला असेल, हे संभवनीय वाटत नाही. कथेचा परिणाम मात्र दूरवर झाला. दोषाचा मोठा भाग पुरुष सत्ताधीशाकडून त्याच्या पत्नीकडे वळला आणि ‘धरावे’ इतकेच म्हणणारा रघुनाथराव लोकांच्या नजरेत निम्मा निर्दोष ठरला. रामशास्त्र्याच्या निवाड्याशी हे विसंगत आहे. दोन शतकांहून अधिक काळ एका स्त्रीच्या माथी राहिलेला हा कलंक तपासून पाहणे, हे इतिहासाचे कर्तव्य ठरते.

राजकीय परिणाम : नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके प्रभृती मुत्सद्द्यांनी रघुनाथरावाविरुद्ध बारभाईंचे कारस्थान उभारले. नारायणरावाची गरोदर पत्नी गंगाबाई हिला पुरंदर किल्ल्यावर हलविण्यात आले व तेथे १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मला. पदच्युत रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयास गेला. या गृहकलहाचा फायदा घेऊन इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला. मार्च १७७५ मधील सुरतेच्या तहान्वये रघुनाथरावाने त्यांना वसई व साष्टी देण्याचे मान्य केले आणि त्यातून पहिले इंग्रज-मराठे युद्ध उद्भवले. सालबाईच्या तहाने (१७८२) वसई मराठ्यांना परत मिळाली, पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली. चिमाजी आप्पाच्या मोहिमेत १७३७ पासून पोर्तुगीजांकडून जिंकलेला, वांद्र्यापासून उत्तरेस दहिसरपर्यंत पसरलेला आजच्या मुंबई उपनगरांचा मुलूख अशा रीतीने मराठ्यांच्या हातून कायमचा गेला. पुण्यातील एका दालनात घडलेल्या खुनाची किंमत कोकणपट्टीने अशी मोजली. दहिसरच्या खाडीकाठच्या गावांच्या इतिहासातही शनिवारवाड्याचा हा असा संबंध आहे.

नंतरचा काळ : वाड्यातील दुसरी मोठी दुर्घटना सवाई माधवरावाची होय. तापाने आजारी असताना २५ ऑक्टोबर १७९५ रोजी तो गणेश रंगमहालाच्या वरच्या भागातून खाली कारंज्यावर पडला व २७ ऑक्टोबर रोजी मरण पावला. ही आत्महत्या होती की वातातील अपघात, यासंबंधी इतिहासकारांत मतभेद आहेत. बावीस वर्षांच्या अंतराने पिता व पुत्र दोघेही त्याच वास्तूत ऐन तारुण्यात अपमृत्यू पावल्यामुळे वाड्यास दोष असल्याची भावना बळावली असल्यास नवल नाही. त्यानंतर १७९६ मध्ये रघुनाथराव व आनंदीबाई यांचाच मुलगा दुसरा बाजीराव पेशवा झाला. खडकीच्या लढाईनंतर १७ नोव्हेंबर १८१७ रोजी बाळाजीपंत नातू याने वाड्यावर इंग्रजांचे निशाण लावले आणि पेशवाईचा पुण्यातील अंमल संपला. इंग्रजी अमदानीत वाड्याचा उपयोग तुरुंग, रुग्णालय इ. कामांसाठी करण्यात आला. १७९१ पासून वाड्यास लहानमोठ्या आगी लागतच होत्या. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग मात्र सुमारे सात दिवस धुमसत राहिली व तीत लाकडी महाल जळून खाक झाले. १९१९ मध्ये वाडा संरक्षित स्मारक म्हणून जाहीर झाला. त्यानंतरच्या उत्खननात मातीखाली गेलेली जोती, हौद व पाण्याचे मार्ग उघडे करण्यात आले.

भुताच्या आख्यायिका : अमावस्या-पौर्णिमेस, विशेषतः पौर्णिमेच्या मध्यरात्री, वाड्यातून ‘काका, मला वाचवा’ असा टाहो ऐकू येतो, ही समजूत पुण्यात पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. ऐतिहासिक तपशिलाशी ती जुळत नाही. खून त्रयोदशीस झाला, पौर्णिमेस नव्हे. आणि तो मध्यरात्री नव्हे, तर भर दुपारी, माणसांनी गजबजलेल्या वाड्यात झाला. लोककथेने दिवसाची रात्र केली, कारण भुताला रात्रच लागते. या फेरफारात घटनेतील सर्वांत विदारक गोष्ट झाकली जाते. ती म्हणजे राज्याच्या प्रमुखाचा खून दिवसाढवळ्या होऊ शकला आणि सेवकांवाचून कोणीही मध्ये पडले नाही. स्मारक सायंकाळी बंद होते ते भुतांच्या भयाने, असेही सांगितले जाते. वस्तुतः संरक्षित स्मारके सूर्यास्ताच्या सुमारास बंद करण्याचा सर्वसाधारण नियमच आहे.

दुसरी आख्यायिका अधिक जुनी व अर्थपूर्ण आहे. नारायणरावाचे भूत दुसऱ्या बाजीरावास पछाडीत असे आणि त्याच्या शांतीसाठी त्याने ब्राह्मणांना दाने दिली व पुण्याच्या आसपास लक्षावधी आंब्याची झाडे लावली, अशी ती कथा एकोणिसाव्या शतकात नमूद झालेली आढळते. बाजीरावाचा जन्म १७७५ मधील, म्हणजे खुनानंतरचा. त्या कृत्यात त्याचा हात असणे शक्यच नव्हते. तथापि मातापित्यांचे पातक मुलास भोवते, ही धर्मभावना येथे काम करीत आहे. बाजीराव शनिवारवाड्यात फारसा न राहता शुक्रवारवाडा, विश्रामबागवाडा अशा दुसऱ्या वाड्यांत राहणे पसंत करी, ही वस्तुस्थिती या कथेला पोषक ठरली.

अशा कथा केवळ महाराष्ट्रातच आढळतात असे नाही. लंडनच्या किल्ल्यात १४८३ मध्ये पाचवा एडवर्ड हा बालराजा व त्याचा धाकटा भाऊ नाहीसे झाले आणि त्यांचा चुलता तिसरा रिचर्ड गादीवर आला. त्या दोन राजपुत्रांची भुते किल्ल्यात दिसतात, अशी समजूत तेथेही आहे. सत्ताभिलाषी चुलता, कोवळ्या वयाचा पुतण्या आणि ज्याचा न्याय पुरा झाला नाही असा गुन्हा, हे घटक दोन्हीकडे समान आहेत. जेथे न्याय पुरा होत नाही, तेथे लोकस्मृती मृतालाच साक्षीदार म्हणून परत आणते, असे या साम्यावरून म्हणता येईल. पुण्यात गारद्यांपैकी काहींना पुढे देहदंड मिळाला. रघुनाथराव मात्र १७८३ मध्ये कोपरगाव येथे नैसर्गिक मृत्यूने मरण पावला.

साहित्य व कला : नारायणरावाच्या खुनाने मराठी नाटककारांना वारंवार आकृष्ट केले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे भाऊबंदकी (१९०९) हे नाटक यांत अग्रगण्य होय. प्रभात फिल्म कंपनीचा रामशास्त्री (१९४४) हा चित्रपट न्यायाधीशाच्या निःस्पृहतेवर बेतलेला आहे. लोककथेने बळी पडलेल्या पेशव्याचा आक्रोश जपला, तर रंगभूमीने व चित्रपटाने त्या आक्रोशाला उत्तर देणाऱ्या शास्त्र्याचा निवाडा जपला. वाड्याच्या परंपरेत या दोन्ही स्वरांना स्थान आहे. नारायण दरवाजाजवळ उभे राहणारा प्रवासी पहिला स्वर शोधतो. दुसरा ऐकू आल्याखेरीज मात्र त्या दरवाजाच्या नावाचा अर्थ त्याला पुरता उलगडत नाही.