आर्सेनाले

आपल्याकडे 'आर्सेनल' म्हटलं की फुटबॉलवेडी पोरं वळून बघतात. व्हेनिसमध्ये सान मार्को चौकातून पाण्याच्या कडेने पूर्वेला चालत गेलं, की 'आर्सेनाले' भेटतं. मूळ अरबी: दार अस्-सिनाआ, कारागिरीचं घर. व्हेनिसने या घराला जहाजबांधणीला जुंपलं. इथल्या उकळत्या डांबराची उपमा कवी दांतेने थेट नरकाला दिली. दारातला सिंहाचा मोठा पुतळा १६८७च्या स्वारीत ग्रीसच्या पिरेयसहून उचललेला, लूटच ती! पुढे इंग्रजीत अर्थ शस्त्रागारावर स्थिरावला, आणि लंडनच्या वुलिचमधल्या शस्त्रकारखान्यातल्या कामगारांनी १८८६मध्ये तो फुटबॉल क्लब काढला. त्याच अरबी शब्दाचं भावंड 'दार्सेना' इटलीत आजही गोदीला वापरतात. आर्सेनालेत मात्र हल्ली बिएनाले या कलाप्रदर्शनाची चित्रं-शिल्पं मांडतात.