वार्धक्यांतील हाडें व तारुण्याचें औषध

गेलेलें तारुण्य परत मिळावें, ही मनुष्याची फार जुनी इच्छा आहे. ययातीनें तें पुत्राजवळ मागितलें. पॅरिस येथील शास्त्रज्ञ ब्राऊन-सेकार यांनीं तें प्राण्यांच्या वृषणांत शोधिलें. ता. १ जून १८८९ रोजीं, वयाच्या ७२ व्या वर्षीं, त्यांनीं तेथील विद्वत्सभेपुढें असें सांगितलें कीं, कुत्रे व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क टोंचून घेतल्यानें आपल्या अंगीं नवी शक्ति आली. ती शक्ति बहुतांशीं मनाचीच होती. कारण पाण्यांत काढलेल्या अर्कांत खरें द्रव्य जवळजवळ उतरतच नाहीं. तथापि तें द्रव्य वृषणांत असतें, ही कल्पना खोटी नव्हती.

तें हातीं येण्यास १९३५ साल उजाडावें लागलें. अ‍ॅम्स्टरडॅम येथें अर्न्स्ट लाकेर व त्यांचे सहकारी यांनीं वळूंच्या सुमारें १०० किलोग्राम वृषणांतून अवघें १० मिलिग्राम शुद्ध द्रव्य काढिलें व त्यास टेस्टोस्टेरॉन हें नांव दिलें. त्याच वर्षीं बुटेनांट व रुझिच्का यांनीं तें प्रयोगशाळेंत कोलेस्टेरॉलपासून तयार केलें.

वय वाढतें तसें पुरुषाच्या शरीरांतील हें द्रव्य घटतें व हाडेंहि विरळ होतात. खुब्याचें हाड मोडलें कीं कित्येक वृद्ध पुन्हां पायांवर उभे राहत नाहींत. तेव्हां उणें पडलेलें द्रव्य भरून काढिल्यास हाडें सुरक्षित राहतील, असें वाटणें साहजिक होतें.

परंतु १९९४ सालीं अमेरिकेंतील २८ वर्षांच्या एका पुरुषाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीरांत टेस्टोस्टेरॉन पुरेसें होतें. तरीहि हाडें विरळ होतीं, व उंची २०४ सेंटिमीटर होऊनहि वाढ थांबली नव्हती. एस्ट्रोजेन ह्या स्त्रियांच्या समजल्या जाणाऱ्या द्रव्याचा परिणामच त्याच्या शरीरावर होत नव्हता. पुरुषाचें शरीर टेस्टोस्टेरॉनपासूनच एस्ट्रोजेन बनवितें, व हाडें राखण्याचा मोठा भार त्यावर असतो, हें यावरून व पुढील संशोधनावरून उघड झालें.

२०१७ सालीं ६५ वर्षांवरील पुरुषांच्या एका प्रयोगांत, वर्षभर टेस्टोस्टेरॉन घेतल्यानें हाडांची घनता वाढलेली आढळली व आशा बळावली. २०२४ सालीं मात्र निराळाच निष्कर्ष हातीं आला. टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या, ४५ ते ८० वर्षांच्या ५,२०४ पुरुषांचे दोन जवळजवळ समान गट करून सुमारें तीन वर्षें पाहिलें असतां, औषध घेणाऱ्यांपैकीं ९१ जणांचीं हाडें मोडलीं. नुसतें दिखाऊ औषध घेणाऱ्यांपैकीं ६४ जणांचीं.

ज्यांच्या ग्रंथि रोगानें निकामी झाल्या आहेत, त्यांस डॉक्टरांच्या देखरेखीखालीं हें औषध उपकारक आहेच. पण केवळ वय झालें म्हणून हाडांसाठीं तें घेण्यास ह्या इतिहासांत आधार सांपडत नाहीं. यंत्रावर दिसणारी घनता ही एक गोष्ट. पाय घसरल्यावर हाड शाबूत राहणें ही दुसरी.