अक्षराची किल्ली: पहाडगंजातल्या एका सीडीची गोष्ट

पहाडगंज म्हटले की नवी दिल्ली स्थानकासमोरची स्वस्त हॉटेले आणि मुख्य बाजारातली गर्दी डोळ्यांसमोर येते. दिल्लीतल्या मराठी माणसाला मात्र याच वस्तीतली नूतन मराठी शाळा आणि बृहन्महाराष्ट्र भवन आठवते. महाराष्ट्रातून परीक्षेला, मुलाखतीला किंवा संशोधनाचा प्रस्ताव मांडायला आलेला माणूस दिल्लीतली पहिली रात्र अनेकदा इथेच काढतो. मीही काढली आहे.

फेब्रुवारी 2025 मध्ये 98वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरले. त्याआधी दिल्लीत ते 1954 साली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली झाले होते. सत्तर वर्षांनी आलेल्या या योगामुळे पहाडगंजातल्या मराठी घरांत जुने कागद बाहेर निघाले. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांनी (मी त्यांना काका म्हणतो) एक सीडी माझ्या हाती ठेवली. तीत एका मराठी मंडळाच्या 1996 च्या स्मरणिकेची फाइल होती. छापील प्रत आता कोणाकडेही उरलेली नाही.

त्या स्मरणिकेत काकांचा एक लेख होता. 24 ऑक्टोबर 1995 रोजी, ऐन दिवाळीत, खग्रास सूर्यग्रहण झाले. खग्रास पट्टा राजस्थानातील नीम का थाना, भरतपूर, फतेहपूर सिक्री असा पूर्वेकडे बंगालमधील डायमंड हार्बरपर्यंत गेला होता. दिल्ली त्याच्या बाहेर राहिली होती. काका दहाबारा विद्यार्थ्यांना घेऊन फतेहपूर सिक्रीला गेले. सकाळी साडेआठच्या सुमारास मिनिटभरापेक्षाही कमी काळ सूर्य पूर्ण झाकला गेला. मुलांनी शाळेच्या तापमापकाने दर पाच मिनिटांनी हवेचे तापमान टिपले होते, आणि त्या नोंदी लेखात होत्या.

सीडी चालली, फाइल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा खच पडला. त्यात ‘मराठी’ हा शब्द शोधायचा तर ‘ई, जे, के, मोठा बी, एच’ अशी निरर्थक अक्षरमाळ शोधावी लागे. सुवाच्य होते ते फक्त आकडे, कारण ते मुळात इंग्रजी अंकांत टंकलेले होते. तापमानांचा एक स्तंभ स्पष्ट दिसत होता, पण कोणती नोंद ग्रहणाआधीची, कोणती खग्रास क्षणाची, तापमापक सावलीत होता की उन्हात, हे सांगणारा शब्द एकही लागत नव्हता.

“फाइल खराब झाली का रे?” काकांनी विचारले.

“नाही काका, फाइल ठणठणीत आहे. तिची किल्ली हरवली आहे.”

ही किल्ली काय होती आणि ती का हरवली, हा भारतीय विज्ञान-तंत्रज्ञानाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा आणि फारसा न सांगितला जाणारा अध्याय आहे.

अक्षर आणि आकार

संगणकाला अक्षर कळत नाही, संख्या कळते. ‘क’साठी कोणती संख्या वापरायची यावर सर्वांचे एकमत असेल, तरच एका यंत्रावरचा मजकूर दुसऱ्यावर वाचता येतो. इंग्रजीसाठी असे एकमत 1960 च्या दशकातच झाले. ॲस्की या संकेतनात 128 जागा होत्या आणि त्यांपैकी एकही देवनागरीसाठी नव्हती.

कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी या प्रश्नावर काम करत होते. त्यांच्या देवनागरी संगणकाचे प्रात्यक्षिक ऑक्टोबर 1983 मध्ये दिल्लीत, तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात झाले. या कामातून जिस्ट हे तंत्रज्ञान उभे राहिले. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाल्यावर ते तिथे वाढले.

त्यामागची मूळ कल्पना आजही थक्क करते. देवनागरीचे शेकडो जोडाक्षर-आकार साठवायचेच नाहीत; साठवायचे ते उच्चाराच्या क्रमाने येणारे मूळ वर्ण. ‘वर्ष’ हा शब्द व, र, हलन्त, ष असा साठवायचा. रफार कुठे बसवायचा हे दाखवण्याच्या वेळी यंत्राने ठरवायचे. शिवाय ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांची वर्णमाला मुळात एकच असल्यामुळे एकच तक्ता मराठीला, बंगालीला आणि तेलुगूला पुरतो. इन्स्क्रिप्ट कळफलक याच विचारातून 1986 मध्ये प्रमाणित झाला. संकेतनाचा तक्ता 1988 मध्ये सुधारला गेला आणि 1991 मध्ये भारतीय मानक ब्युरोने त्याला आयएस 13194 या क्रमांकाने राष्ट्रीय मानकाचा दर्जा दिला. हेच इस्की.

म्हणजे काकांचा लेख टंकित झाला तेव्हा राष्ट्रीय मानक पाच वर्षांचे झाले होते. तरीही तो लेख त्या मानकात नव्हता.

चांगले मानक का हरले?

इथे खलनायक शोधण्याचा मोह होतो. खासगी फाँट-निर्मात्यांनी आपापली संकेतने बनवली आणि मराठीचे तुकडे केले, असे म्हणणे सोपे आहे. मला ते अपुरे वाटते.

नव्वदच्या दशकातल्या छापखान्याचा विचार करा. त्याला सुबक अक्षर हवे होते, ते त्याच्याकडच्या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये चालायला हवे होते, आणि अंक उद्या निघायला हवा होता. इस्कीतला मजकूर दाखवायचा तर वर्ण जुळवून आकार घडवणारे इंजिन हवे. ते त्या काळच्या सामान्य संगणकांत नव्हते. सी-डॅकने ते जिस्ट कार्डाच्या रूपाने दिले, पण ते वेगळे विकत घेऊन यंत्रात बसवावे लागे. फाँट-निर्मात्यांनी याहून सोपी युक्ती काढली. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले: एका जागी अर्धा ग, एका जागी काना, एका जागी रफार. संगणकाच्या लेखी तो इंग्रजीच मजकूर, त्यामुळे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये तो विनातक्रार चाले. दिल्लीतल्या टंकलेखकांत रूढ झालेल्या फाँटांनी तर जुन्या टाइपरायटरच्याच कळा कायम ठेवल्या, म्हणजे नव्याने शिकण्याचाही त्रास नाही.

त्या युक्तीने मराठी वृत्तपत्रे, दिवाळी अंक आणि लग्नपत्रिका छापल्या गेल्या. तिची किंमत पुढे मोजावी लागली. प्रत्येक निर्मात्याचा तक्ता निराळा, आणि अनेकदा एकाच फाँटच्या दोन आवृत्त्यांतही फरक. फाँट गेला की मजकूर गेला.

माझ्या मते यातला खरा धडा मानकाविषयी आहे. इस्की कागदावर खुले होते, पण ते राबवणारे आणि कोणीही फुकट घेऊन आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जोडावे असे साधन त्याच्यासोबत आले नाही. सार्वजनिक पैशातून ज्ञान निर्माण झाले, पण ते वापरण्याचा रस्ता मात्र विकत घ्यावा लागला. जिथे रस्ता नसतो तिथे लोक पायवाटा पाडतात. आपल्या अनेक वाटा पडल्या आणि त्या एकमेकींना मिळाल्या नाहीत.

योगायोग असा की दिल्लीतल्या त्या प्रात्यक्षिकाच्या महिनाभर आधी, 27 सप्टेंबर 1983 रोजी, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली होती. सॉफ्टवेअर वापरण्याचे, तपासण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य सर्वांना हवे, हा त्याचा गाभा. एका धाग्यात आपल्या लिप्यांचे विज्ञान होते, दुसऱ्यात ते लोकांपर्यंत पोचवण्याची रीत. हे दोन धागे एकत्र यायला वीस वर्षे लागली.

तक्ता उरला

1991 मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हा भारतीय लिप्यांची मांडणी 1988 च्या इस्कीवरून घेतली गेली. त्या मांडणीतली सममिती भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष आवडेल. देवनागरी ‘क’च्या क्रमांकात 128 मिळवा, बंगाली ‘क’ मिळतो. आणखी 128 मिळवा, गुरुमुखी. आणखी 128, गुजराती. ही समान पावले मल्याळमपर्यंत जातात. कानपूर-पुण्याच्या त्या विचाराचा ठसा आज जगातल्या प्रत्येक फोनमध्ये आहे.

तक्त्यासोबत त्याच्या उणिवाही आल्या. मराठीतल्या ‘ॲसिड’ आणि ‘ॲटम’मधल्या ॲ या अक्षराला स्वतंत्र जागा मिळायला 2008 साल उजाडावे लागले. हिंदीला त्याची गरज नव्हती आणि मागणी करणारे आपण उशिरा जागे झालो. ‘दऱ्या’ आणि ‘वाऱ्या’मधला अर्धा र आजही काही ठिकाणी चुकीचा उमटतो. मानक खुले असण्याचा फायदा असा, की चूक दाखवता येते, प्रस्ताव मांडता येतो आणि दुरुस्ती सगळ्यांना मिळते. बंद फाँटमध्ये चूक मालकाची असते आणि दुरुस्तीही त्याच्याच मर्जीची.

पण तक्ता म्हणजे वापर नव्हे. विंडोज 2000 मध्ये देवनागरी युनिकोड आले. त्याच सुमारास व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी सुरू केलेल्या इंडलिनक्ससारख्या प्रयत्नांतून मुक्त प्रणाली भारतीय भाषांत बोलू लागल्या. रेड हॅटच्या पुढाकाराने लोहित फाँट मुक्त परवान्याखाली मिळाले. 1 मे 2003 रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. पुढे मुंबईच्या एक टाइप या गटाने मुक्ता आणि बलूसारखे देखणे फाँट खुले केले. अक्षरजुळणीचे जे काम एके काळी विकतचे कार्ड करत असे, ते आज अँड्रॉइड फोनवर हार्फबझ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर करते. तुम्ही हा मजकूर अशा फोनवर वाचत असाल, तर ‘वर्ष’मधला रफार त्यानेच जागेवर बसवला आहे. मानक तेच होते. फरक पडला तो राबवण्याचे साधन सर्वांच्या हाती आल्यामुळे.

मधली पोकळी

गणपत कृष्णाजींनी 1831 साली मुंबईत छापलेले पंचांग आजही डोळ्यांनी वाचता येते. 1996 ची फाइल वाचता येत नाही. साधारण 1990 ते 2005 या काळातला संगणकावर घडलेला मराठी मजकूर असा अडकून पडला आहे, आणि याचे परिणाम केवळ स्मरणरंजनापुरते नाहीत.

आजची भाषा-प्रारूपे मजकुरावरच वाढतात. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने 2022 मध्ये महाकॉर्पस हा मराठी मजकुराचा संग्रह संशोधकांसाठी प्रसिद्ध केला: सुमारे 2 कोटी 48 लाख वाक्ये. काम मोलाचे आहे, पण इंग्रजीच्या तुलनेत हा साठा फार लहान. जुन्या फाँटांतला मजकूर यंत्राला इंग्रजी कचऱ्यासारखा दिसतो आणि गाळणीत फेकला जातो. दुष्काळात आपलेच कोठार कुलूपबंद असावे, तशी ही अवस्था आहे.

2022 पासून केंद्र सरकारचे भाषिणी अभियान चालू आहे. मद्रास आयआयटीतल्या एआयफॉरभारत गटाने 22 भाषांसाठीचे इंडिकट्रान्स2 हे भाषांतर-प्रारूप 2023 मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले. ही दिशा मला योग्य वाटते, आणि म्हणूनच इस्कीचा इतिहास इथे आठवावा असे वाटते. सार्वजनिक पैशातून जमवलेला विदा, त्यावर घडलेले प्रारूप आणि ते चालवण्याचे साधन, हे तिन्ही खुले हवेत. यांतले एक जरी बंद राहिले तरी 1991 ची पुनरावृत्ती होईल. लेखकांचा हक्क आणि संमती यांचा प्रश्न खरा आहे. पण तो सोडवायचा तर नियम उघडपणे ठरवावे लागतील. सारे बंद दाराआड ठेवून लेखकाचे रक्षण होत नाही.

आणि घाई करायला हवी. का, ते मला पहाडगंजात कळले.

त्या फाँटचा तक्ता आणि रूपांतराची आज्ञावली स्वयंसेवकांनी लिहून खुली ठेवलेली मिळाली. तिने बरेचसे काम केले. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीची उचलून नंतर ठेवली, शेवटी आलेला रफार पुढे आणला. तरी काही जोडाक्षरे जुळेनात, कारण स्मरणिकेतला फाँट कोणत्या तरी दुसऱ्या आवृत्तीचा होता. विशेषनामे सर्वांत जास्त बिघडली. तिथे काका उपयोगी पडले. पडद्यावरचे अर्धवट नाव बघून ते म्हणत, “हा तो उंच मुलगा, तापमापक त्याच्याच हातात होता.” असे करत संध्याकाळपर्यंत लेख पूर्ण झाला.

तापमानांच्या स्तंभाला मथळा मिळाला. तापमापक सावलीत होता. सर्वांत कमी तापमान खग्रास क्षणी नसून त्यानंतर काही मिनिटांनी नोंदले गेले होते, आणि शेजारी शाळकरी भाषेत एक टीप होती: हवा थंड व्हायला वेळ लागतो. निरीक्षण बरोबर आहे; ग्रहणात तापमानाचा नीचांक असाच उशिरा येतो.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी, शाळेत, मंडळात अशा फाइली आहेत, त्यांनी त्या उघडून बघाव्यात, युनिकोडमध्ये आणाव्यात आणि लेखकाच्या संमतीने खुल्या कराव्यात. आज्ञावली जिथे थांबते तिथे सांगणारे माणूस लागते, आणि 1996 मध्ये चाळिशीत असलेले काका आता सत्तरीच्या घरात आहेत.