कोवळ्या पेशींची मोजदाद

शहापूर-मुरबाडच्या आरोग्यकेंद्रांतून गरोदर बायकांना तांबड्या गोळ्या मिळतात. मळमळते म्हणून कितीतरी जणी त्या कोनाड्यात टाकून देतात. त्या गोळीत लोहाबरोबर फॉलिक आम्ल असते. अवघे अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षाही हलके! त्याच्या शोधाची पहिली पावले उमटली ती इथून फार लांब नव्हे. आपल्या तानसाचे पाणी १८९२ पासून ज्या मुंबईला जाते, तिथल्या परळात.

परळच्या हाफकिन संस्थेत १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टरीण आली. गरोदरपणी बायका पांढऱ्याफटक पडत, धापा टाकत आणि पुष्कळदा दगावत. त्याचे कारण तिला शोधायचे होते. बाईंनी आधी गरिबांच्या ताटात काय असते ते पाहिले. हिरवा भाजीपाला नाही, फळ नाही, दूध नाही. मग असाच आहार उंदरांना दिला, तेव्हा तेही फिकटले. यीस्टने ते सावरले. तेव्हा बाईंनी रोगी बायकांना यीस्टचा अर्क दिला. मार्माइट नावाचा हा काळा, खारट, चिकट पदार्थ इंग्रज लोक पावाला लावून खातात!

पण गुण आला हे ओळखायचे कसे? रक्त भरून यायला आठवडे लागतात. तोवर रोगी हाती राहील याची शाश्वती नाही. इथे कोवळ्या पेशी कामी आल्या. तांबडी पेशी हाडांतल्या मगजात जन्मते. रक्तात उतरते तेव्हा तिच्यात बाळपणाचे थोडे अवशेष शिल्लक असतात, आणि दिवसा-दोन दिवसांत तेही जातात. ताज्या रक्तात निळा रंग मिसळून पंधरा-वीस मिनिटे ठेवले, की या अवशेषांची निळी जाळी दिसू लागते. मग काचेवर थेंब पसरायचा, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि हजार पेशी मोजायच्या. धडधाकट माणसात त्यांतल्या दहाएक जाळीच्या निघतात. हिशेब सरळ आहे : पेशी जगते सुमारे १२० दिवस, म्हणजे रोज शेकडा एकाच्या आसपास नवी हवीच.

मार्माइट सुरू झाल्यावर काही दिवसांतच ही संख्या उसळली. बाईच्या चेहऱ्यावर रंग यायच्या आधीच मगज कामाला लागल्याची वर्दी आली! १९३१ साली विल्सबाईंनी हे प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी पदार्थ १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून त्याला नाव मिळाले फॉलिक. म्हणजे आपल्या बांधावरच्या भाजीतलेच द्रव्य, जरा मोठा फेरा घालून आलेले.

आता प्रयोगशाळांत यंत्रेही हे मोजतात. पण मोजायचे काय, हे तेच आहे. रक्त कमी आणि कोवळ्या पेशीही कमी, तर मगजाला माल पुरत नाही : लोह नाही, फॉलिक नाही. रक्त कमी पण कोवळ्या पेशी भरमसाट, तर मगज राबतो आहे आणि पेशीच फुटताहेत, किंवा कुठेतरी रक्त वाहून जाते आहे. आदिवासी पाड्यांत आढळणारा सिकलसेल हा पेशी फुटण्यातलाच प्रकार. दोन्ही बायका दिसायला सारख्याच फिकट, दोघी सारख्याच दमून ओट्यावर टेकणाऱ्या. दुसरीला नुसत्या लोहाच्या गोळ्या देत राहिले, तर तिचे मूळ दुखणे तिथेच राहते.